थंडीत आलात तर गुऱ्हाळात चला

थंडीत कोल्हापुरात बघायचं काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नोव्हेंबर लागला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "कोल्हापूरला यायचं म्हणतोय गं, पण पाऊस संपला, धबधबे आटले, आणि तुमच्या गावात सकाळी दात वाजतात. मग बघायचं काय? घरातच बसायचं?"

घरात नाही, पण छपराखाली बसायचं. जिथं जाळ आहे तिथं. हुरडा पार्टी तुम्हाला माहीतच असते, पण हुरडा उघड्यावर आणि वारा अंगावर. आमच्याकडे गुऱ्हाळ आहे, म्हणजे ऊस गाळून गूळ करायची जागा. दसरा झाला की गुऱ्हाळं पेटतात ती पार उन्हाळा लागेपर्यंत चालतात. आणि जायचं ते पहाटे, शेतावर धुकं असतानाच. दुपारी गेलात तर तो जाळ नकोसा होतो आणि माश्या हैराण करतात.

वर पत्रा, मध्ये चुलवाण म्हणजे मोठी भट्टी, त्यावर काहील म्हणजे रस उकळायची भलीमोठी कढई. जळणाला त्याच उसाची वाळवलेली चिपाडं, म्हणजे आज गाळलेला ऊस चार दिवसांनी दुसऱ्या उसाला शिजवतो. रस तापायला लागला की वर मळी, म्हणजे रसातली घाण, येते. ती नीट सुटावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, चुन्याची निवळी घालतात. मळी काढून टाकली की रस स्वच्छ होतो आणि मग खरी उकळी फुटते. काहिलीजवळ उभं राहिलं की समोरून घाम आणि पाठीला गारठा. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. उकळत्या पाकाचा एक शिंतोडासुद्धा कातडीला चिकटून भाजतो.

गुळव्याकडे, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराकडे, बघत राहा. सगळ्या गुऱ्हाळात बघण्यासारखा माणूस तोच. रस काकवीच्या, म्हणजे पातळ गुळाच्या, पुढं गेला की तो काहिलीपासून हलत नाही. गार पाण्यात बोटं बुडवतो, फावड्यावरचा पाक चिमटीत धरतो, पुन्हा पाण्यात सोडतो, गोळी वळून बघतो. काकवी १०५ अंशांच्या आसपास होते, गूळ ११८ च्या आसपास. मधल्या त्या बारा-तेरा अंशांत त्याची सगळी विद्या. थर्मामीटर कुठं दिसत नाही. बुडबुड्याचा आकार, पाकाची तार आणि बोटांना लागणारा चिकटपणा, एवढ्यावर तो "उतरा" म्हणतो, आणि तो म्हणाला की मालकसुद्धा मध्ये बोलत नाही. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर ढेप पाझरते.

मग काहील कलती करून पाक वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओततात आणि फावड्यानं घोटत बसतात. घोटता घोटता पाकाला रवा धरतो. तेवढ्यात कुणीतरी तुमच्या हातावर उसाच्या पानावरून गरम गुळाचा गोळा ठेवेल. फुंकर मारा, घाई करू नका. शेंगदाणे खिशात असतील तर फारच छान. कधी कधी काहिलीत फडक्यात बांधून रताळी सोडलेली असतात, ती मागून घ्या, लाजू नका. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हातानं परत धाडायचं नाही ही इकडची जुनी रीत आहे. तिकीट वगैरे काही नसतं. फक्त आधी विचारून जावं, आणि काम चाललेलं असताना वाटेत उभं राहू नये.

एक टन उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो. कारखान्याला ऊस घातला की शेतकरी मोकळा, इथं मात्र रात्रंदिवस माणसं राबतात, म्हणून गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण गिऱ्हाईक अजून पिवळाधमक गूळच मागतं. तो रंग बऱ्याचदा रसायनाच्या पावडरीचा असतो. मी स्वतः तपकिरी, थोडा मळकट दिसणारा गूळच घेते.

साताऱ्याच्या बाजूनं येणार असाल तर वाट वाकडी करून औंधला जा. खटाव तालुका, कोरडी हवा, वारा असा की कान दुखतात. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय आहे. एकेकाळच्या एवढ्याशा संस्थानात रविवर्म्याची चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडी 'माता आणि मूल' एकाच छपराखाली बघायला मिळतं, आणि तेही शहरातल्यासारखी रांग न लावता. राजा स्वतः चित्रं काढायचा. शिवाय सूर्यनमस्कारांचा कट्टर प्रचारक, म्हणजे थंडीवरचा त्याचा उपाय आपल्यापेक्षा सरळ होता. अर्धा दिवस सहज जातो.

पण दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी गुऱ्हाळच म्हणेन. औंध कधीही होईल, गुऱ्हाळ मे महिन्यात कुठून दाखवू?

आणि काकवी न्यायची असेल तर येतानाच स्टीलचा डबा आणा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत गरम काकवी ओतली की बाटली आकसते आणि सगळी काकवी गाडीच्या सीटवर.