सुपरवायझर होताना ए-थ्रीवर अडलेले सात आठवडे

चाकणच्या कार कारखान्यात ट्रिम लाइनवर (गाडीच्या आतले भाग बसवतात ती लाइन) टीम लीडरचा सुपरवायझर होताना लेखी परीक्षा आणि पॅनेलची मुलाखत सुरळीत झाली. अडलं ते ए-थ्रीवर, म्हणजे सुधारणेच्या कामाच्या एकपानी अहवालावर. क्वालिटी विभागाने तो तीनदा परत पाठवला. शेरा तिन्ही वेळा एकच: 'पुन्हा करा'. नेमकं काय चुकलं, हे लिहायला एक ओळ पुरली असती. त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रश्न असा होता: मागच्या दारातल्या वायरिंगचा कनेक्टर अर्धवट बसायचा आणि शेवटच्या तपासणीत काच खाली यायची नाही. मूळ कारणाच्या रकान्यात मी 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहिलं. हे कधीच लिहू नका. दुर्लक्ष का झालं, तिथून खरं कारण सुरू होतं. स्टेशनवर स्टॉपवॉच घेऊन उभं राहिल्यावर दिसलं की टॅक्ट टाइम, म्हणजे एका गाडीसाठी स्टेशनला मिळणारा वेळ, 60 सेकंद आणि काम 64 सेकंदांचं. त्यात क्लिप मागच्या भोकात असल्यामुळे वायर ताणलेली. कनेक्टर ओढून बसवावा लागे आणि 'टक' होण्याआधीच हात निघे. शेजारच्या स्क्रू-गनच्या आवाजात तो 'टक' ऐकूही येत नाही. क्लिप एक भोक पुढे घेतली, दोन स्क्रू पुढच्या स्टेशनला दिले आणि कनेक्टर बसवल्यावर उलटा ओढून पाहणं सक्तीचं केलं. काम 57 सेकंदांवर आलं.

तरी अहवाल परत आला, कारण आकडे फक्त पहिल्या शिफ्टचे होते. आधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे, सगळ्या शिफ्ट, तीच मॉडेल्स, एवढं हवंच. तिसऱ्यांदा परत आला, कारण बदललेली स्टँडर्ड वर्क शीट, म्हणजे स्टेशनवरचं काम कोणत्या क्रमाने करायचं तो कागद, जोडायची राहिली होती.

टॅक्टचा हिशोबही कागदावर दाखवा: 480 मिनिटांतून जेवणाची 30 आणि दोन चहांची 20 वजा, उरली 430. गाड्या 430, म्हणून 60 सेकंद.

मुलाखतीत हमखास विचारतात, शिफ्टच्या सुरुवातीला दोघे गैरहजर असले तर काय कराल? उत्तर स्किल मॅट्रिक्समधून, म्हणजे कोणाला कोणतं स्टेशन येतं त्या तक्त्यातून द्या: प्रत्येक स्टेशन एकट्याने चालवू शकणारे किमान तिघे, आणि प्रत्येकाला किमान तीन स्टेशनं.

आणि हो, वर्क शीटवर तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांच्या सह्या लागतात. रात्रपाळीची सही सगळ्यात आधी घ्या, माझा एक आठवडा तिथेच गेला.