डर्ट रॅली, अर्ली ॲक्सेस: पहिल्या आठवड्याची रोजनिशी

२८ एप्रिल २०१५, मंगळवार

काल कोडमास्टर्स या स्टुडिओने 'डर्ट रॅली' हा रॅलीचा कॉम्प्युटर गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात आणला. घोषणा आणि विक्री एकाच दिवशी. महिनोन्‌महिने टीझरचा मारा नाही, काही नाही. अर्ली ॲक्सेस, म्हणजे खेळ अर्धवट आहे, हे दुकानाच्या पानावरच लिहिलंय आणि पुढच्या महिन्यांत भर पडत जाईल असंही. आज हातात आहेत तीन ठिकाणं: माँटे कार्लो, वेल्समधलं पोविस आणि ग्रीसमधलं आर्गोलिस. प्रत्येकी १२ स्टेज (वेळ लावून एकट्याने धावायचे रस्त्याचे तुकडे), म्हणजे ३६. आकडा ऐकायला भरघोस, पण मूळ लांब रस्ते प्रत्येक ठिकाणी थोडेच. तेच तोडून आणि उलट दिशेने धावायला देऊन बारा केलेत. यात फसवणूक नाही. चढणीचा रस्ता उतरणीला लागला की ब्रेकचा हिशेब पार बदलतो आणि वळणं ओळखूही येत नाहीत.

रॅलीपटू कॉलिन मॅकरे यांचं नाव घेऊन १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका मधल्या काळात फटाके, स्टंट आणि गाड्यांच्या धडकाधडकीत रमली होती. रॅलीचं सिम्युलेशन म्हटलं की अजूनही २००४ च्या 'रिचर्ड बर्न्स रॅली'चंच नाव निघतं. अकरा वर्षं एकच खेळ मापदंड राहतो, यात त्याचा मोठेपणा आहे तितकाच बाकीच्यांचा आळसही. नव्या खेळाने एक गोष्ट पहिल्याच फटक्यात नीट केली आहे: चूक झाल्यावर वेळ मागे फिरवायचं बटण काढून टाकलं. दरीत गेलात तर गेलात. गाडी रस्त्यावर परत आणून मिळते, पण सेकंदांचा दंड बसतो.

२९ एप्रिल, बुधवार

व्हीलची, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या स्टीअरिंगची, जुळवणी. हे नीट केल्याशिवाय खेळाबद्दल मत बनवू नये.

लॉजिटेकच्या जी२७ सारखं व्हील मुळात ९०० अंश फिरतं, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे. रस्त्यावरच्या गाडीला ते शोभतं. रॅलीत उलटं स्टीअरिंग मारायला (घसरती गाडी सावरायला चाक विरुद्ध बाजूला वळवायला) तेवढा वेळ नसतो. प्रोफायलर या लॉजिटेकच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ५४० अंश ठेवा, म्हणजे दीड फेरा. हेअरपिनलाही (जवळपास उलट फिरणाऱ्या वळणालाही) हात चाकावरून फारसा सुटत नाही. तिथेच सेंटरिंग स्प्रिंगची खूण काढून टाका, स्प्रिंग आणि डँपर दोन्ही शून्यावर आणा. हे राहिलं तर व्हील कायम मध्याकडे ओढत राहतं, आणि ती ओढ टायरची आहे की सॉफ्टवेअरची हे हाताला कळत नाही.

खेळातल्या प्रगत सेटिंगमध्ये स्टीअरिंगची लिनिॲरिटी शून्य ठेवा. ती वाढवली की मध्याजवळ व्हील मंद आणि टोकाला एकदम तिखट होतं. गेमपॅडच्या छोट्या काडीला ते सोयीचं, व्हीलला घातक. ब्रेकचं सॅच्युरेशन मात्र आपल्या पेडलप्रमाणे बदलायला हरकत नाही. पेडल कडक असेल आणि पूर्ण दाबताना खुर्ची मागे सरकत असेल तर थोडं कमी करा, म्हणजे पूर्ण ब्रेक अलीकडेच लागेल. त्याआधी खुर्चीची चाकं अडवा. निम्म्या लोकांचा ब्रेक तिथेच बिघडलेला असतो.

आता तक्रार. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हील हाताला जी ओढ आणि धक्के देतं तो, हा या आवृत्तीचा सगळ्यात कच्चा भाग. गाडीचं मागचं अंग सुटलं की पुढची चाकं स्वतःहून घसरणीच्या दिशेला वळू पाहतात, आणि ती ओढ हाताला जाणवली की उलटं स्टीअरिंग किती द्यायचं हे आपसूक समजतं. इथे ती ओढ फिकी आहे. खडीचे धक्के, धडकेचा दणका हे सगळं जोरात येतं, पण पकड सुटते आहे ही बातमी हातापेक्षा डोळ्यांना आधी मिळते. स्लायडर वाढवून थोडा फरक पडतो: सेल्फ अलायनिंग टॉर्क (हीच पुढच्या चाकांची ओढ) वर न्या, धडकेचे परिणाम निम्म्यावर आणा. तेवढ्याने हे पूर्ण भरून निघत नाही. काम स्टुडिओचं आहे.

३० एप्रिल, गुरुवार

वेल्स. स्वीट लॅम्बची स्टेज, सुमारे १० किलोमीटर. सुरुवातीला मिनी कूपर एस घ्यावी. वेग बेताचा, इंजिन पुढे, इंजिनाची ताकदही पुढच्या चाकांना. या गाडीवर वजनाचा खेळ सर्वांत स्वच्छ दिसतो.

खडीवरचं उजवं वळण घ्या. ॲक्सलरेटर दाबून ठेवत स्टीअरिंग फिरवलं तर पुढची चाकं नुसती खडी ढकलतात आणि गाडी सरळ गवतात जाते. नवखा माणूस अशा वेळी स्टीअरिंग आणखी फिरवतो, त्याने घसरण वाढतेच. वळणाच्या थोडं आधी ॲक्सलरेटर सोडला की वजन पुढे येतं, पुढची चाकं जमिनीत रुततात, मागची हलकी होतात आणि गाडीची शेपटी आपोआप बाहेर पडू लागते. शेपटी हवी तेवढी फिरली की पुन्हा ॲक्सलरेटर. मिनी लगेच सरळ होते. शेपटी पुरेशी फिरत नसेल तर उजवा पाय ॲक्सलरेटरवर ठेवूनच डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. इंजिन पुढची चाकं फिरवत ठेवतं, त्यामुळे ब्रेक मागच्या चाकांनाच जास्त जाणवतो. हे सगळं या खेळात अपेक्षेबरहुकूम घडतं. अर्धवट खेळात एवढी गोष्ट भक्कम असेल तर बाकीची वाट पाहायला हरकत नाही.

फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू ला हाच मंत्र चालत नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे वळणाच्या मध्यावर ॲक्सलरेटर जास्त झाला की गाडी गर्रकन फिरते. इथे उलटं स्टीअरिंग देण्यापेक्षा ते वेळेवर परत घेणं अवघड. उशीर झाला की गाडी पलीकडे झोका घेते, आणि दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा असतो. बहुतेक अपघात त्या दुसऱ्या झोक्यातच होतात.

नोट्सबद्दल, म्हणजे पुढचा रस्ता सांगणाऱ्या सहचालकाच्या सूचनांबद्दल. शेजारी बसलेला आवाज पॉल कोलमन यांचा, म्हणजे हा खेळ रचणाऱ्या चमूच्या प्रमुखांपैकी एकाचाच. वळणांना १ ते ६ आकडे: १ सर्वांत आवळलेलं, ६ जवळजवळ सरळ. त्यापलीकडे स्क्वेअर (काटकोनी) आणि हेअरपिन. एक वाक्य असं येतं: 'लेफ्ट थ्री टाइटन्स, डोन्ट कट, इन्टू राइट फाइव्ह ओव्हर क्रेस्ट, एटी.' डावं तीन, पुढे आवळत जाणारं. आतल्या बाजूला दगड किंवा ओंडका आहे, कडा कापू नका. लगेच उंचवट्यावरून उजवं पाच. मग ८० मीटर सरळ. ताशी १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे ते ८० मीटर तीन सेकंदांत संपले आणि तेवढ्यात पुढचं वाक्य ऐकून झालेलं हवं.

आकडा म्हणजे गिअर नव्हे. आकडा वळणाचा, वेग गाडीचा. मिनीचं तीन आणि फोर्डच्या वेगवान फिएस्टाचं तीन यांत जमीन-अस्मानाचा फरक. गाडी बदलली की एखाद्या छोट्या स्टेजवर मुद्दाम सावकाश जाऊन दोन, तीन आणि चार या आकड्यांचे वेग कानात बसवून घ्यावेत. पाच-सहा आपोआप जमतात, एक आणि हेअरपिनला तसंही थांबल्यासारखंच व्हायचं असतं. खरं घोडं पेंड खातं ते मधल्या आकड्यांत. पडद्यावरची बाणांची चित्रं मात्र बंद करावीत. ती चालू असली की कान काम करायचं सोडून देतात, आणि धुक्यात कानाशिवाय दुसरं काही नसतं.

१ मे, शुक्रवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, आणि ग्रीस. पांढरट माती, उघडे दगड, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नाशिकची रॅली कडेला उभं राहून पाहिलेल्यांना ही सुटी खडी आणि मागे रेंगाळणारा धुरळा ओळखीचा वाटेल. फक्त दऱ्या इथे जास्त खोल.

ग्रीसमध्ये गाडी मारण्याआधी गाडी वाचवायची. आतल्या कडेच्या दगडाला चाक लागलं की पंक्चर, आणि पंक्चर चाकाने उरलेले किलोमीटर काढायचे. समोरून आदळलं की रेडिएटर फुटतो. ते लगेच जाणवत नाही. थोड्या वेळाने इंजिन तापतं आणि ताकद उतरू लागते. रात्रीच्या स्टेजला दिवे फुटले तर उरलेला रस्ता नोट्सच्या भरवशावर. दोन-तीन स्टेजनंतर सर्व्हिस मिळते, पण वेळ ३० मिनिटांचा. प्रत्येक भागाच्या दुरुस्तीला किती मिनिटं लागतील ते समोर दिसतं आणि निवड आपली. आधी रेडिएटर आणि इंजिन, मग सस्पेन्शन, पुढची स्टेज रात्रीची असेल तर दिवे. वाकलेलं बंपर राहू द्या, त्याने वेळ जात नाही.

सेटअपमध्ये इथे एवढं पुरे: गाडीची उंची वाढवा, स्प्रिंग मऊ करा, अँटिरोल बार (गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) सैल करा. कडक गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण. उंची वाढवली की गाडी जास्त झुकते, म्हणून एकदम टोकाला जाऊ नका. दोन-तीन खाचा बदलायच्या, तीच स्टेज पुन्हा धावायची, मग पुढे. डिफरेन्शियलला (चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या भागाला) सुरुवातीला हात लावू नये. काय बदललं हे कळायला आधी मूळ गाडी अंगवळणी पडावी लागते.

२ मे, शनिवार

ग्रुप बी, म्हणजे १९८० च्या दशकातल्या अतिशय ताकदवान रॅली गाड्या. तारीखही तशीच. १९८६ मध्ये याच दिवशी कोर्सिकाच्या रॅलीत चालक हेन्री तोइव्होनेन आणि सहचालक सर्जियो क्रेस्तो यांची लान्चिया डेल्टा एस४ दरीत कोसळून पेटली. दोघंही गेले, आणि १९८७ पासून या गाड्या जागतिक स्पर्धेतून बाद झाल्या.

ऑडी स्पोर्ट क्वात्रोमध्ये बसलं की हे भय कशाचं होतं ते थोडं उमगतं. पाच सिलिंडरचं २.१ लिटरचं टर्बो इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगलेलं. चारही चाकांना ताकद मिळत असली तरी नाक जड, म्हणून गाडी वळायला नकार देते. त्यात टर्बोचा उशीर: ॲक्सलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळंच एकदम होतं. वळणातून बाहेर पडल्यावर दाबायचा ॲक्सलरेटर इथे वळणाच्या मध्याआधीच दाबावा लागतो. तोवर गाडी फिरलेली हवी, म्हणून स्कँडिनेव्हियन झोका: उजव्या वळणाआधी क्षणभर डावीकडे वळवायची, ॲक्सलरेटर सोडून ब्रेकला स्पर्श करायचा आणि लगेच उजवीकडे. शेपूट झोक्याने फिरते, नाक आत येतं. त्याच वेळी ॲक्सलरेटर, म्हणजे ताकद येईपर्यंत गाडी रस्त्याच्या रोखाने असते. अरुंद रस्त्यावर हा झोका घ्यायला जागाच मिळत नाही. तिथे डाव्या पायाचा ब्रेक ॲक्सलरेटरसोबत दाबून ठेवावा, टर्बो फिरता राहतो. ब्रेक तापतात, पण दुसरा इलाज नाही.

३ मे, रविवार

माँटे. कोल द तुरिनी हा घाट, उंची १,६०७ मीटर. खाली कोरडं डांबर, वर बर्फ आणि मध्येच काळपट निसरडं. पॅडी हॉपकर्क यांनी १९६४ मध्ये मिनी घेऊन ही रॅली जिंकली ती का, हे या रस्त्यावर कळतं: इथे ताकदीपेक्षा हलकी गाडी आणि हळुवार पाय कामाला येतात. बर्फावर ब्रेक निम्मा आणि बराच आधी. स्टीअरिंग थोडंच फिरवायचं आणि पकड यायची वाट पाहायची. गिअर एक वरचा ठेवला तर चाकं कमी घसरतात.

पण खऱ्या माँटेचा अर्धा डाव टायरच्या निवडीत असतो: बर्फाचे खिळे लावून डांबरावर वेळ घालवायचा की बिनखिळ्यांचे टायर घेऊन वरच्या बर्फावर जीव मुठीत धरायचा. इथे निवड करायलाच मिळत नाही, खेळ स्वतः टायर ठरवून देतो. फोर्स फीडबॅकनंतरची ही दुसरी मोठी उणीव, आणि ती भरून काढणं स्लायडर हलवण्याइतकं सोपं नसणार.

उरलेल्या वेळात ऑनलाइन स्पर्धा. रोजची, आठवड्याची आणि महिन्याची, प्रत्येकीला एकच संधी. पुन्हा सुरुवात नाही. म्हणून त्या दिवशीचं ठिकाण आणि गाडी आधी सरावात एकदा चालवून घ्यावी, पहिली स्टेज ऐंशी टक्क्यांवर काढावी आणि वेळांच्या यादीत आपला क्रमांक कुठे पडतो ते पाहावं. वर जी नावं दिसतात त्यांच्या वेळांशी तुलना करत बसू नये. निम्मे लोक यादीत खाली जातात ते सावकाश गेल्यामुळे नव्हे, तर शेवटच्या दोन किलोमीटरांत गाडी दरीत घातल्यामुळे.