पुणे ते कोल्हापूर, व्हीलचेअरसह: गाडी निवडताना

भाचीच्या लग्नासाठी आईला पुण्याहून कोल्हापूरला न्यायचे होते. पक्षाघातानंतर तिची डावी बाजू अधू झाली आहे. आधार दिला तर ती मिनिटभर उभी राहते, परंतु पाऊल टाकू शकत नाही. अंतर सुमारे २३० किलोमीटर. जाताना एक आणि येताना दुसरी गाडी केल्यामुळे दोन्हींची तुलना आपोआप झाली, आणि ती आमच्या अंदाजाच्या नेमकी उलट ठरली.

जाताना आम्ही मोठी, उंच, सात आसनांची गाडी ठरवली, कारण जेवढी गाडी मोठी तेवढा आराम जास्त, अशी आमची समजूत होती. उशी धरून आईच्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून २० इंच उंच आहे, तर त्या गाडीचे आसन टेपने मोजले तेव्हा २८ इंच भरले. म्हणजे तिला केवळ सरकवायचे नव्हते, तर आठ इंच उचलायचे होते, आणि दाराखालची पायरी आमच्याच पायांत येत होती. "गाडीत बसवतोयस की अंबारीत?" असे आईने विचारले, आणि ते चुकीचे नव्हते. अशा वेळी घाईत अधू हात धरून ओढण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण पक्षाघात झालेला खांदा थोड्याशा ओढीनेही दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरावे.

बाजूचा प्रश्न तर आमच्या ध्यानीमनीही नव्हता. पुढच्या डाव्या दाराच्या बिजागऱ्या पुढे असल्याने उघडलेले दार पुढची जागा अडवते आणि व्हीलचेअर दाराच्या मागच्या अंगालाच लावावी लागते. त्यामुळे बसताना आई उजवीकडे, म्हणजे बळकट बाजूकडे वळते, परंतु उतरताना तिला डावीकडे, अधू बाजूकडे वळावे लागते. चढणे जमले म्हणून निर्धास्त राहिलो आणि कोल्हापुरात कार्यालयाच्या दारात उतरवताना वीस मिनिटे गेली. ज्यांची उजवी बाजू अधू आहे त्यांचे याच्या बरोबर उलट होते: डाव्या दाराने उतरणे सोपे आणि चढणे कठीण. मागच्या उजव्या दाराने हा क्रम बदलतो खरा, पण ते दार रहदारीच्या अंगाला उघडते, म्हणून त्याचा वापर केवळ आवारातच करावा.

परतीसाठी उंच छपराची छोटी हॅचबॅक मागवली. तिचे आसन २३ इंचांवर होते. आसन पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती केली, तेव्हा आई दोन हालचालींत आत बसली. मात्र त्याआधी आलेली पहिली हॅचबॅक परत पाठवावी लागली होती, कारण तिच्या डिकीत सीएनजीचे सिलिंडर होते आणि १७ किलोची व्हीलचेअर ठेवायला जागाच नव्हती. चालकाने ती दोरीने टपावर बांधण्याची तयारी दाखवली. आम्ही नको म्हटले आणि पेट्रोलच्या गाडीसाठी दीड तास थांबलो. म्हणून नोंदणी करताना "डिकी मोठी आहे का?" असे न विचारता "डिकीत सिलिंडर आहे का?" आणि "मागची अर्धी सीट दुमडते का?" हे दोन प्रश्न विचारावेत. पायटे (पाय टेकवायचे भाग) आणि उशी काढून घडी केली की खुर्ची साधारण फूटभर जाडीची होते, परंतु मागच्या चाकांचा २४ इंचांचा व्यास काही कमी होत नाही, आणि अडते ते तिथेच.

गाडी उभी करतानाही थोडा विचार हवा. चालक सवयीने फुटपाथला चिकटून थांबतात. मग खुर्ची वर आणि गाडी खाली अशी स्थिती होते. डावीकडे चार फूट सपाट जागा सोडायला आधीच सांगावे. खंबाटकी घाटाच्या वळणांवर आईचा तोल डावीकडे जात होता, तेव्हा कुशीला टॉवेलची गुंडाळी लावली. सातारा ते कागल रस्ता सहापदरी करण्याच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते आणि खाचखळगे होते, म्हणून तासाभराने थांबून तिचे अंग थोडे हलवत गेलो. एका थांब्यावर अपंगांसाठीचे स्वच्छतागृह होते, पण त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. डायपर आणि बेडपॅन सोबत असू द्यावेत.

ज्यांना क्षणभरही उभे राहता येत नाही, किंवा ज्यांची खुर्ची विजेवर चालणारी व वजनदार आहे, त्यांनी साध्या टॅक्सीच्या भानगडीत पडू नये. मोठ्या शहरांत रॅम्प बसवलेल्या व्हॅन भाड्याने मिळतात आणि त्यांत खुर्चीवरून न उतरता प्रवास करता येतो. तिथे दोन गोष्टी पाहाव्यात: खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची दारातून जाते का, आणि खुर्ची चार पट्ट्यांनी तळाला बांधल्यावर माणसासाठी वेगळा पट्टा आहे का. खुर्चीचाच कमरपट्टा अपघातात उपयोगाचा नसतो. घरची गाडी असेल, तर बाहेरच्या बाजूला फिरणारे आसन बसवून घेता येते. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन-आरसाठी असे आसन आणले. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे आम्ही टेप आणि कमरेचा पट्टाच व्हीलचेअरच्या मागच्या खिशात कायमचे ठेवले आहेत.