बुडाशी उमटलेलं कडं

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी घरांतही भुट्ट्याचा कीस होतोच. परवा मीही केला. पितळी कढई माळ्यावर होती. ती काढायचा आळस केला आणि नवं चकचकीत, पातळ बुडाचं स्टीलचं पातेलं गॅसवर चढवलं. तुपात जिरं, हिंग, मिरची, मग किसलेला मका, वर दूध. इथवर ठीक होतं. मग फोन आला.

दोनच मिनिटं बोलले असेन. येऊन ढवळायला गेले तर उलथनं खाली अडखळलं. कीस दुसऱ्या भांड्यात काढला, तर बुडाशी बर्नरचा अगदी छापा! गोल, तपकिरी-काळं कडं. कड्याच्या आत पांढरं, बाहेरही पांढरं.

"पितळेत लागला नसता हो," सासूबाई म्हणाल्या. राग आला, पण बाई खरं बोलत होत्या. स्टीलला उष्णता पसरवता येत नाही. जाळ जिथे लागेल तिथेच ते तापून बसतं. तांबं उष्णता वाहून नेतं ती स्टीलच्या साधारण 25 पट, ॲल्युमिनियम 15 पट, पितळ सात-आठ पट. वरण पातळ असलं की पाणी स्वतःच खालीवर फिरतं आणि स्टीलची लाज झाकली जाते. कीस, खीर, बासुंदी जागची हलत नाहीत, तिथे बिंग फुटतं. (स्टीलचा हाच आळशीपणा दांड्यात मात्र गुण ठरतो. दांडा तांब्याचा असता तर सांडशीशिवाय हात लावायची सोय नव्हती.)

बिडाचा तवा तसा मंदच, पितळेच्या निम्म्याने उष्णता पसरवणारा. त्याचा जोर वजनात. एकदा तापला की गार पीठ ओतलं तरी हटत नाही, म्हणून धिरड्याला जाळी पडते. तापेपर्यंत धीर हवा, तो माझ्याकडे नाही.

तर शेवटी माळ्यावरची कढई उतरवली. आत पाहते तो कल्हई गेलेली, मधोमध पितळ पिवळंधमक उघडं. किसावर लिंबू पिळायचं, आणि आंबट पितळेला लागलं की कळकतं. लहानपणी कल्हईवाला गल्लीत भाता लावून बसायचा. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गर्रकन फिरवायचा, आणि भांडं आतून चांदीसारखं. कथील 232 अंशांनाच वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही, ही आईची ताकीद.

बर्तन बाजारात चौकशी केली. दुकानदाराने आधी नवं नॉनस्टिक दाखवलं. मी कढई पुढे सरकवली, तसा म्हणाला, "रख जाओ आंटी, कलईवाला मंगल को आता है।"

तोवर कीस जाड बुडाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, फोन बंद करून. स्टीलच्या पातेल्यातलं कडं दोनदा घासलं, अजून दिसतंच आहे.