७४ चालींचा ब्लिट्झ

नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी पाऊस काही हटत नाहीये. मालवणात दुपारपासून लाईटचा खेळखंडोबा, मग भाचीला घेऊन पडवीत बसले आणि बुद्धिबळपटू दिव्या देशमुखचा जून २०२५ मधला तो डाव काढला, मी मोबाईलवरून चाली सांगायच्या आणि तिने पटावर लावायच्या. लंडनची वर्ल्ड टीम ब्लिट्झ, म्हणजे झटपट बुद्धिबळाची सांघिक स्पर्धा, तिची सेमीफायनल, समोर होउ यिफान. महिलांमध्ये जगात एक नंबर, चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन. २०१० ला ती पहिल्यांदा चॅम्पियन झाली तेव्हा दिव्या जेमतेम पाच वर्षांची होती!

ब्लिट्झ म्हणजे टाइमपास, ज्याचा हात फास्ट त्याचा डाव, असं लोक म्हणतात ना, मला ते अजिबात पटत नाही. सुरुवातीला तीन मिनिटं आणि पुढे दर चालीला दोन सेकंद, म्हणजे ७४ चाली झाल्या तरी एकीच्या वाट्याला साडेपाच मिनिटंसुद्धा नाहीत. आणि ती पहिली तीन मिनिटं कधी संपतात कळतही नाही, मग फक्त ते दोन सेकंद, त्यातच बघायचं, ठरवायचं, मोहरं ठेवायचं आणि त्याच हाताने घड्याळ दाबायचं. तिथे हात नाही, डोकं शाबूत राहावं लागतं, तेही शेवटच्या चालीपर्यंत. १९ वर्षांच्या पोरीने ते राखलं आणि यिफानला हरवलं.

भाची मधेच म्हणते, "मावशे, डाव इतको लांबलो कित्याक?" म्हटलं, दोघींपैकी कुणीच सोडत नव्हतं गो, म्हणून.

त्या स्पर्धेत प्रत्येक टीममध्ये एक तरी महिला खेळाडू हवीच असा नियम असतो, मला तो फार आवडला. आपल्याकडे गावातल्या स्पर्धेला टीम करताना मुलगी सगळ्यात शेवटी आठवते, तीसुद्धा कुणी कमी पडला तर, याचा मला खरंच राग येतो.

पुढे जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा डावांत, हरवून दिव्या महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, ग्रँडमास्टर झाली, ते सगळ्यांना माहितीये. पण मला हा लंडनचा डाव जास्त जवळचा वाटतो. भाचीला आता घड्याळ हवंय, मोबाईलवरचं नाही, खरं, दाबायचं. गणपतीच्या खरेदीला कुडाळला जाणारच आहे, तिथे नाही मिळालं तर ऑनलाईन मागवते. घड्याळ आलं की ३+२ लावून खेळायचं आणि आधी एंडगेमच, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरचे शेवटचे खेळ, घ्यायचे, असं आमचं ठरलंय.