ईमच्या चर्चचं दप्तर

शेफील्डला आमच्याकडे पाहुणे आले की तीन गोष्टी ठरलेल्या: चॅट्सवर्थचा राजवाडा, बेकवेलचं पुडिंग आणि ईम. चॅट्सवर्थमध्ये पाय दुखतात, पुडिंग निम्म्या लोकांना फार गोड लागतं, पण ईमला कुणी नाही म्हणत नाही. डर्बीशरच्या डोंगरातलं हे दगडी घरांचं गाव १६६५-६६ च्या प्लेगसाठी प्रसिद्ध आहे. कुठल्या घरात कोण कधी गेलं याच्या पाट्या घरांबाहेर लावल्यात. त्या पाट्यांपुढे फोटो काढायचे, चहा प्यायचा, परत यायचं, असा आमचा शिरस्ता.

गेल्या उन्हाळ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, आले आणि शिरस्ता मोडला. बाबांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून गेली. जन्म-मृत्यूच्या नोंदी, नमुना आठ, ग्रामसभेचं इतिवृत्त यातच. ते पाट्यांपुढे थांबलेच नाहीत. "हे नावं-तारखा यांना मिळाल्या कुठून?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चर्चमध्ये वही आहे. "मग चर्चमध्ये जाऊ."

सेंट लॉरेन्स हे गावचं पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गावाएवढा मुलूख. बुटका चौकोनी मनोरा, भोवती थडगी, आत एका काचेखाली मृतांच्या नोंदी मांडलेल्या. बाबांनी चष्मा वर केला, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "ही नक्कल आहे. मूळ नाही." मी चपापले. तिथे बसलेल्या स्वयंसेवक आजींना मी ते इंग्रजीत सांगितलं, तर त्या खूश झाल्या. इतकी वर्षं लोक येतात, फुलं बघतात, खुर्ची बघतात, हे कुणी विचारत नाही म्हणाल्या. प्लेगच्या काळातली मूळ वही उरलेलीच नाही. आज आहे ती १७०५ च्या सुमारास जोसेफ हंट नावाच्या रेक्टरने, म्हणजे गावच्या मुख्य पाद्र्याने, उतरवून काढलेली प्रत. म्हणजे साथीनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. "एकाच हाताचं अक्षर आहे. वर्षभर रोज नोंदी झाल्या असत्या तर शाई बदलली असती, बोरू बदलला असता," बाबा म्हणाले.

या हंटसाहेबांची गोष्ट गावात अजून चवीने सांगतात. मायनर्स आर्म्स या गुत्त्यात कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा करायला गेले, तिथे जास्त झाली आणि गंमत म्हणून मालकाच्या मुलीशी खोटं खोटं लग्न लावून घेतलं. बिशपच्या कानावर गेलं. बिशप म्हणाले, लावलंस ना, मग आता खरंच कर. केलं. पण डर्बीच्या एका बाईंना आधीच शब्द दिलेला होता, त्यांनी वचनभंगाचा दावा ठोकला. चर्चच्या आवारात अटक होणार नाही या भरवशावर हंट बायकोसकट चर्चच्या व्हेस्ट्रीत राहायला गेले आणि तिथेच उरलेलं आयुष्य काढलं. १७०९ साली वारले. बाबा म्हणाले, "मग नक्कल करायला वेळ होता त्यांना."

व्हेस्ट्री म्हणजे पाद्र्याचे झगे आणि वह्या ठेवायची खोली. पण शेकडो वर्षं गावाचा कारभार त्याच खोलीत चालायचा, आणि मला हे बाबांमुळे नीट समजलं. मी इथे इतकी वर्षं राहते, पण चर्च म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रविवार, लग्न आणि दफन एवढंच. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघायला निवडलेल्या गावकऱ्याच्या, देखत आठवड्याच्या नोंदी करायच्या. वही दोन कुलपांच्या पेटीत, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी वॉर्डनकडे. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग सोळाव्या शतकाच्या शेवटी आणखी एक नियम आला: दरवर्षी वहीची प्रत बिशपच्या कचेरीत पाठवायची. "तालुक्याला पाठवतात तशी," बाबा.

आणि नुसत्या वह्या नाहीत. १५५५ पासून रस्त्यांची डागडुजी पॅरिशकडे. १६०१ च्या कायद्याने गरिबांची सोय पॅरिशकडे, त्यासाठी पट्टी बसवायची आणि वसूल करायची तीही पॅरिशनेच. कुणाला मदत द्यायची, कोण आपल्या गावचा आणि कोण परका, हे व्हेस्ट्रीच्या सभेत ठरायचं. भांडणं व्हायचीच. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली ती १८३७ साली, आणि निवडून दिलेली पॅरिश कौन्सिलं १८९४ च्या कायद्याने. तोवर देव, दप्तर आणि घरपट्टी एकाच छपराखाली.

रेक्टरचं पोट टाइदवर, म्हणजे गावच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शावर, आणि चर्चच्या जमिनीवर. ईमच्या डोंगरात शिशाच्या खाणी होत्या आणि इथल्या रेक्टरला शिशाच्या खनिजातूनही वाटा मिळायचा. अठराव्या शतकात हकलो एजची शिशाची शिर सापडली तेव्हा ही गादी चांगलीच किफायतशीर झाली. मग काय, रेक्टरांना ईममध्ये राहण्याची गरज वाटेना, काम करायला हाताखाली क्यूरेट ठेवायचे. थॉमस सीवर्ड हे त्यातलेच एक. त्यांची मुलगी ॲना सीवर्ड पुढे कवयित्री म्हणून गाजली. तिचा जन्म १७४२ साली इथल्याच रेक्टरीतला, पण ती वाढली लिचफील्डला.

आता प्लेग. तो टाळून ईमबद्दल लिहिता येत नाही, पण मी थोडक्यात आटोपते. अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याच्या घरी लंडनहून कापड आलं, त्यात पिसवा होत्या असं सांगतात. तिथे काम करणारा जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबर १६६५ ला पुरला गेला. थंडीत साथ ओसरली, १६६६ च्या उन्हाळ्यात भडकली. जूनमध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसनने गावाला गळ घातली की कुणी बाहेर जायचं नाही. हा तिशीही न गाठलेला तरुण, गावात नवा. गाव त्याचं ऐकेना, कारण गावाचं प्रेम आधीच्या थॉमस स्टॅन्लीवर. स्टॅन्ली प्युरिटन, म्हणजे साध्या, कर्मकांड नसलेल्या उपासनेचा आग्रह धरणारा, होता. १६६२ च्या कायद्याने ठरवलेली प्रार्थनापद्धती मान्य केली नाही म्हणून त्याला पद सोडावं लागलं होतं. मॉम्पेसन त्याच्याकडेच गेला. ज्याची जागा घेतली त्याच्याच दारात जाऊन मदत मागायची, आणि त्यानेही द्यायची, हे मला त्या कथेतलं सगळ्यात अवघड पाऊल वाटतं. दोघं मिळून बोलले तेव्हा गाव थांबलं.

चर्च बंद केलं. प्रार्थना ककलेट डेल्फ नावाच्या दरीत, उघड्यावर, कुटुंबं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी. चर्चच्या आवारात दफन बंद, ज्याने त्याने आपलं माणूस आपल्या शेतात-परसात पुरायचं. चॅट्सवर्थच्या अर्लकडून धान्य यायचं, हद्दीवर ठेवलं जायचं. स्टोनी मिडल्टनच्या वाटेवर एक दगड आहे, त्यावर खळगे आहेत. त्यात व्हिनेगर आणि व्हिनेगरमध्ये सामानाच्या मोबदल्याची नाणी, रोग पसरू नये म्हणून. बाबांनी त्या खळग्यांत बोटं घालून पाहिली. गावाबाहेर रायलीच्या थडग्यांपाशी एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्टमधल्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. मॉम्पेसनची बायको कॅथरिन २५ ऑगस्टला गेली. तिचं थडगं मात्र चर्चच्या आवारात आहे. १ नोव्हेंबरनंतर मृत्यू थांबले.

परंपरेने मृतांचा आकडा २६० धरतात. पूर्वी सांगायचे की गाव साडेतीनशेचं होतं, म्हणजे जवळजवळ सगळं बुडालं. आता अभ्यासक लोकसंख्या साताठशेच्या आसपास धरतात. "छेदात काय धरता त्यावर सगळं," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बडी माणसं थांबली होती का?" आजींनी मान हलवली. ज्यांना बाहेर आसरा होता अशी काही घराणी आधीच निघून गेली होती. मॉम्पेसनने स्वतःची दोन मुलंही नातलगांकडे पाठवली होती. बायकोलाही जा म्हणाला होता, ती गेली नाही.

आमच्याकडे याच्या उलट रीत होती. बाबांच्या आजीने सांगितलेलं: उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं, रानात खोपटी घालून राहायचं, पाऊस असो की काही असो. १८९७ साली पुण्यात सरकारने शिपाई घालून घरं तपासली, माणसं उचलली आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ईममध्ये सक्ती नव्हती असं अभिमानाने सांगतात, ते बरंचसं खरं असेल. पण माझं मत विचाराल तर आमची खोपट्यांची रीत रोगाच्या दृष्टीने शहाणपणाची होती. ईम थांबलं त्यामुळे शेजारची गावं वाचली असतील, ईमचं स्वतःचं भलं झालं नाही. मॉम्पेसन नंतर ईकरिंग या गावी गेला, तर तिथल्या लोकांनी त्याला भीतीपोटी सुरुवातीला गावाबाहेर रफर्ड पार्कात झोपडीत ठेवलं म्हणतात. खोपटी अखेर त्याच्याही नशिबी आलीच.

चर्चमध्ये मला प्लेगपेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त आवडतात. दक्षिणेच्या भिंतीवर १७७५ चं सूर्यघड्याळ आहे. ते नुसती ईमची वेळ दाखवून थांबत नाही, मक्का, मेक्सिको अशा लांबच्या ठिकाणांची दुपारही त्यावर कोरलीय. डोंगरातल्या खाणकामगारांना मक्केची दुपार कशाला हवी होती देव जाणे! आवारात आठव्या शतकाच्या आसपासचा सॅक्सन क्रॉस उभा आहे, म्हणजे चर्चच्या इमारतीपेक्षा कितीतरी जुना. खांबाचा एक तुकडा मधून गायब आहे, त्यामुळे डोकं धडाला जरा मोठं वाटतं. आतल्या भिंतीवर इस्राएलच्या बारा वंशांची चिन्हं रंगवलेली आहेत, ती चुन्याखाली दडली होती आणि विसाव्या शतकात सापडली. 'मॉम १६६५' असं कोरलेली एक खुर्ची लिव्हरपूलच्या जुन्या सामानाच्या दुकानातून इथे आली. खरीच मॉम्पेसनची का, यावर बाबांनी फक्त भुवया उंचावल्या. प्लेगची गोष्ट सांगणारी रंगीत काचेची खिडकी तर अगदी अलीकडची, १९८५ ची.

पण बाबांचा सगळ्यात जास्त वेळ गेला हॅरी बॅगशॉच्या थडग्यापाशी. हा डर्बीशरचा क्रिकेटपटू, नंतर अंपायर, १९२७ साली गेला. दगडावर स्टंप उडालेले, बेल हवेत, आणि वर अंपायरचं बोट. "आऊट!" म्हणून बाबा एवढ्या मोठ्याने हसले की फुलं बदलायला आलेल्या बाई वळून बघायला लागल्या.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेग संडे असतो, लोक चालत ककलेट डेल्फला जातात. त्याच सुमारास विहिरी सजवतात: लाकडी चौकटीत ओली माती, तिच्यात एकेक पाकळी टोचून चित्र, आपल्या रांगोळीसारखंच पण उभं. तेव्हा गेलात तर गाडी लावायला जागा मिळायची नाही, एवढं सांगून ठेवते.

निघताना बाबांनी आजींना शेवटचा प्रश्न विचारला: आता इथला कारभार कोण बघतं, छप्पर गळलं तर पैसे कोण देतं? सरकार नियमित काही देत नाही, गावानेच उभे करायचे, एकेका पाद्र्याकडे आता अनेक गावं असतात, आणि रोजची जबाबदारी दोन चर्चवॉर्डनवर. त्यांची निवड दरवर्षी पॅरिशच्या सभेत होते. त्या सभेत मत कोण देऊ शकतं? चर्चच्या यादीतले लोक, आणि शिवाय पॅरिशच्या हद्दीत राहणारा, स्थानिक मतदारयादीत नाव असलेला कुणीही. चर्चला जात असो वा नसो.

"म्हणजे तुझंही आहे मत," बाबा मला म्हणाले. "शेफील्डात तुमची पॅरिश कुठली?"

मला सांगता येईना. घरी येऊन नकाशात शोधलं. आमच्या बसस्टॉपच्या मागचं चर्च आमचं निघालं. बाबा साताऱ्याला परत गेल्यापासून दर रविवारच्या फोनवर विचारतात, सभेची नोटीस लागली का. वसंतात लागते असं कळलंय. नोटीस लागली की तिचा फोटो काढून त्यांना पाठवायचा आहे, आणि इतिवृत्त कोण लिहितं हेही विचारून ठेवायला सांगितलंय.