केबिनमधलं भाडं

लिफ्ट फुकट असते असं वाटणाऱ्यानं एकदा ट्रकच्या केबिनमध्ये बसून बघावं. ड्रायव्हर पैसे मागत नाही, हे खरं. पण क्लीनर मागच्या फळीवर घोरत असतो, स्टिअरिंगवाल्याच्या डोळ्यांवर झापड येत असते आणि तुम्हाला उचललेलं असतं ते त्याला जागं ठेवायला. तेव्हा बोलायचं. मुकाट बसणाऱ्याला पुढच्या ढाब्यावर उतरवतात.

होळी झाल्यावर हंपीहून सोलापूरला निघालो तेव्हा माझ्याकडे पैसे नव्हते, पण सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सीझनभर तुंगभद्रेच्या पलीकडे विरुपापूर गड्डीला एका गेस्टहाऊसवर पडेल ते काम केलं. (तिथली गेस्टहाऊसं सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 2020 साली पाडली.) भांडी घासली, भाड्याच्या सायकलींची पंक्चरं काढली, इस्रायली पाहुण्यांसाठी शकशुका केला. म्हणजे टोमॅटोच्या दाट रश्श्यात फोडलेली अंडी. मी त्यात घरून आलेली शेंगाचटणी घालायचो. दुसऱ्यांदा मागायचे लेकाचे! मालकानं शेवटच्या महिन्याचा पगार मात्र अर्धाच दिला.

आणि प्रेमप्रकरणं. पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ आहे ना, त्याचं चित्र काढायला पुण्याची एक मुलगी आली होती. उन्हात तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचो. चित्र पूर्ण झालं, ती गेली. दुसरी हॉस्पेटला झेरॉक्सच्या दुकानात होती. तिच्याशी तेलुगूत बोलायचो, दोनदा चहाही झाला. एवढंच.

पण एवढ्यावर विजापूर गाठता येत नाही. पहिला ड्रायव्हर कन्नड. माझं कन्नड सोलापूरच्या मंडईतलं, भाव पाडण्यापुरतं. त्यात प्रेम सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मग सौदा किती रुपयांवर मोडला?" इलकलपुढचा ड्रायव्हर दखनी बोलणारा. आमच्या गल्लीत निम्मी भांडणं दखनीतच होत असल्यामुळे तिथे माझी गाडी सुसाट सुटली. अलमट्टीच्या आसपास झेरॉक्सवाली रडायला लागली. लांबून गोलघुमट दिसला तोवर तिच्या भावानं मला नदीपर्यंत पिटाळलं होतं. तिला भाऊ आहे की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही.

विजापूरला तिपटूरचे नारळ घेऊन सोलापूरला निघालेला ट्रक मिळाला. ड्रायव्हर मंगळवेढ्याचे. सीटवर सोलापुरी चादर, तिच्यावर मोर आणि बरोबर मोराच्या मानेला बिडीनं पडलेलं भोक. मामांनी फडकं सोडलं, कडक भाकरी मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली. मी घसा खाकरून सुरुवात केली, "हंपीला एक मुलगी..."

"थांब बे," मामा म्हणाले, "आधी माझं ऐक."

झळकी गेलं, भीमेचा पूल गेला, तेरामैल आलं, तरी मामांची तिपटूरची नारळवाली काही संपेना. तिच्या बापाकडे कोयता होता आणि मामांनी म्हणे रात्रीतून भरला ट्रक रिव्हर्समध्ये दोन मैल नेला. मी ओळखलं, ही गोष्ट बऱ्याच केबिनमधून फिरून आलेली आहे. अशी गुळगुळीत झालेली गोष्ट एका सीझनात होत नाही, तिला वर्षं लागतात. मी मान डोलवत राहिलो. शंका काढली असती तर हत्तूरलाच उतरावं लागलं असतं.

सोलापुरात विजापूर नाक्यावर मी संकोचून म्हणालो, "मामा, चहा तरी घ्या माझ्याकडून."

"राहू दे. एवढं कोण ऐकतंय आजकाल?" असं म्हणत त्यांनीच मला एक नारळ दिला.

घरी वडील दारातच होते. "कसा आलास?"

"एसटीनं."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, नारळाकडे पाहिलं. "मग एवढा काळा कशानं पडलास?"

"खिडकीशी बसलो होतो," म्हटलं.